नाव न छापलेलं पत्रक

मंगळवारी सकाळी आठ वाजता एका हॉटेलच्या मोठ्या हॉलमागच्या खोलीत मी धातूची पट्टी आणि मूठ दाबायचं यंत्र घेऊन उभी होते. माझ्यापुढे एकामागून एक मुलं येत होती. मुलं म्हणायचं खरं, पण त्यातल्या कित्येकांच्या छातीपाशी माझं डोकं संपत होतं.

त्या आठवड्यात आमच्या शहरात कॉलेज फुटबॉलचा एक प्रदर्शनी सामना होता. फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. देशभरातल्या कॉलेजांतून शेवटच्या वर्षाचे निवडक खेळाडू बोलावतात, त्यांचे दोन संघ करतात, आठवडाभर सराव घेतात आणि शनिवारी सामना खेळवतात. व्यावसायिक क्लबांची माणसं ह्या मुलांना पाहायला येतात. शनिवारपेक्षा आधीचा सराव ती जास्त बारकाईने पाहतात आणि त्याच्याही आधी ही मोजणी. मुलगा अर्ध्या चड्डीवर मंचावर येतो. उंची, वजन, हाताची लांबी, वीत. माइकवरचा माणूस आकडे वाचतो, खुर्च्यांवरची माणसं लिहून घेतात, पुढचा मुलगा येतो. मोठ्या कॉलेजांच्या मुलांना सगळे ओळखतातच. लहान कॉलेजच्या मुलाला मात्र हा एकच आठवडा असतो. ह्या आठवड्यात तो दिसला नाही तर मग तो कुणालाच दिसत नाही.

मी गावाकडून फिजिओथेरपीची पदवी घेऊन इथे मास्टर्सला आले होते. आमच्या प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांना मोजणीला पाठवलं होतं. वीत आणि मुठीची ताकद मोजायचं काम माझ्याकडे होतं.

तो साधारण चाळिसावा असेल. दक्षिणेतल्या एका लहान कॉलेजचा. चेंडू फेकणाऱ्यावर डावीकडून धावून येणाऱ्यांना अंगावर घेऊन अडवायचं, हे त्याचं काम. त्याने "गुड मॉर्निंग, मॅम" म्हटलं आणि डावा हात फळीवर पसरला. मी त्याची करंगळी पट्टीला लावली. पट्टीची कड बोटात चांगलीच रुतली. तो छताकडे बघत होता. बोट हललं नाही.

"दुखतंय का?" मी विचारलं.

काय दुखतंय ते बघायला त्याने खाली पाहिलं.

मग मी त्याच्या हातात यंत्र दिलं. उजवी मूठ त्याने इकडेतिकडे बघत दाबली. डावी दाबताना मात्र बोटं मिटताहेत की नाही ते डोळ्यांनी बघत होता. हे पाहायला आम्हाला तिसऱ्या वर्षात शिकवतात. मानेतून निघणारी नस दबली असेल तर माणूस असा हाताकडे बघत बघत काम करतो.

"कधीपासून?"

त्याने दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात सांगितलं की ऑक्टोबरपासून. डोकं आदळलं की हातातून वीज जाते आणि मग थोडा वेळ करंगळी त्याची नसते. पण मूठ वळते. कॉलेजमध्ये कुणाला सांगितलेलं नाही.

"तुम्ही फक्त आकडा लिहा, मॅम," तो म्हणाला. "आकडा बरा आहे ना?"

आकडा बरा होता. उजव्यापेक्षा कमी, पण दोन हातांतला फरक लिहायला कागदावर रकानाच नव्हता. मी आकडा लिहिला.

शेजारच्या खोलीत त्या आठवड्यासाठी नेमलेले डॉक्टर बसले होते. दार उघडं होतं. मी गेले नाही.

का गेले नाही हे सांगायचं तर आमच्या घराबद्दल सांगावं लागेल. मी यंत्रमागांच्या गावात वाढले. आमच्या पुढच्या खोलीत अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पायाने चालवायचं छपाईचं ट्रेडल होतं. लग्नपत्रिका पोटासाठी, पत्रकं कामगारांसाठी. शाळेतून आलं की आम्ही बहिणी पत्रकांच्या घड्या घालायचो आणि घड्या घालता घालता वाचायचो. मला वाचायला त्या पत्रकांनीच शिकवलं म्हणायला हरकत नाही. त्यांतून दोन गोष्टी माझ्या अंगात मुरल्या. मालकाच्या डॉक्टरला काही सांगायचं नाही, कारण तो कामगाराला तपासतो मालकासाठी. दुसरी म्हणजे पत्रकात माणसाचं नाव छापायचं नाही, काम छापायचं. 'सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमधला, बॉयलरपाशी उभा राहणारा, तीन मुलींचा बाप.' पुढाऱ्यांचीच तेवढी नावं छापायची असतात, असं अण्णा म्हणायचे.

तेव्हा शेजारच्या खोलीतला माणूस माझ्या लेखी मालकाचा डॉक्टर होता. त्याला सांगितलं असतं तर तासाभरात त्या मुलाला बॅग भरायला लावली असती. न सांगावं तर त्याची मान कायमची जायची. मग तिसरा रस्ता होता, आणि तो मला लहानपणापासून पाठ होता.

मंगळवारी दुपारी मी पत्रक लिहिलं. इंग्रजीत, एक पान. बाजारात बैलाचे दात तपासतात, इथे माणसाची वीत मोजतात, अशी सुरुवात. पुढे लिहिलं की आकडे घेणारे खूप आहेत आणि हाताला काय झालंय हे विचारणारं कुणी नाही. मग त्याच्याबद्दल. 'डाव्या कडेला खेळणारा, लहान कॉलेजचा, कोंबड्यांच्या कारखान्यात खांदा गेलेल्या बापाचा मुलगा. त्याची करंगळी ऑक्टोबरपासून मेलेली आहे आणि तो ती लपवतो, कारण लपवली नाही तर त्याला कुणी बघणार नाही.' बापाचं त्याने मला दुसऱ्यांदा यंत्र दाबताना सांगितलं होतं, खांदे आमच्या घरात टिकत नाहीत असं हसत हसत. शेवटी मागणी लिहिली. तपासणारा डॉक्टर खेळाडूंनी निवडलेला असावा आणि दुखापत सांगितली म्हणून कुणाला घरी पाठवू नये. मागणी बरोबर होती. आजही मी तिच्यातला शब्द बदलणार नाही.

बुधवारी ग्रंथालयात प्रती काढल्या. दुपारी आमच्या प्रयोगशाळेच्या लोकांबरोबर सरावाला मैदानाच्या कडेला उभी राहिले. तिथे सगळ्यांचे सदरे एकसारखे असतात, पण हेल्मेट ज्याच्या त्याच्या कॉलेजचं. त्याचं हेल्मेट कुणाच्याच ओळखीचं नव्हतं. शिट्टी वाजली की समोरचा त्याच्यावर धावून येई, दोघांची डोकी एकमेकांवर आपटत आणि तो मागे न हटता त्याला अडवून धरी. चांगला खेळत होता. माझ्यामागचा एक माणूस दुसऱ्याला म्हणाला की हा कुठून आला. प्रत्येक आदळणीनंतर तो डावा हात झटकत होता, ओला हात झटकतात तसा. मी मोजायला लागले आणि मग मोजणं सोडून दिलं. पत्रकं माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये होती. मला घाबरल्यासारखं वाटायला हवं होतं. मला वाटत होतं की प्रती कमी पडतील का.

गुरुवारी सकाळच्या सरावाला मी दाराशी उभी राहून पत्रकं वाटली. इथे कागद कुणी घेत नाही. 'नो, थँक यू' म्हणतात, हसून. एका म्हाताऱ्या जोडप्याने खेळाडूंची यादी समजून घेतलं आणि त्यात आकडे कुठे आहेत म्हणून उलटसुलट करून पाहिलं. क्लबचं जॅकेट घातलेल्या एका माणसाने न वाचता चार घड्या घालून खिशात टाकलं. उरलेली मी गाड्यांच्या वायपरखाली लावली. पहारेकऱ्याने काढायला लावली तेव्हा त्याच्यासमोर एका रांगेतल्या गाड्यांवरची काढली आणि बाकीची तशीच ठेवली.

मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होते ते काका नागपूरचे. इथे सोळा-सतरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये, आणि फुटबॉलचे असे वेडे की काकू म्हणायच्या, सामने शनिवारी असतात आणि ह्यांचं लग्न शनिवारी नव्हतं म्हणून झालं. गुरुवारी संध्याकाळी जेवताना काकांनी फोन माझ्यापुढे धरला. त्यावर माझं पत्रक होतं. कुणीतरी फोटो काढून चाहत्यांच्या ग्रुपवर टाकला होता.

"हे बघ, तुमच्या त्या मोजणीचं काहीतरी," काका म्हणाले. "कोणीतरी पार्किंगमध्ये वाटलं म्हणे. अन् सुरुवात काय, तर बैलाचे दात. ह्या लोकांनी बैल पाहिला का कधी? लिहिणारा आपल्याकडचाच असला पाहिजे."

"जेवा आधी," काकू म्हणाल्या.

"अगं थांब, मजा ऐक. नाव नाही लिहिलं त्यानं. आता मी सांगतो कोण ते." त्यांनी दुसऱ्या हाताने खेळाडूंची यादी उघडली. "डाव्या कडेला खेळणारे किती? चार. लहान कॉलेजचा? एक. झालं. अन् त्याचा बाप पोल्ट्रीत होता हे तर मागच्याच महिन्यात त्याच्यावरच्या व्हिडिओत आलं होतं, यार. दहा सेकंद लागले मला. क्लबवाल्यांना पाच लागतील."

त्यांची नववीतली मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली, "दॅट्स सो मीन. हू डज दॅट?"

"मीन काय त्यात? मान वाचली पोराची," काकू म्हणाल्या.

"मान वाचली, पण गेला ना तो," काका म्हणाले. "आता कोण हात लावते त्याला. डॅमेज्ड म्हणून शिक्का बसला."

मी भाजी वाढून घेतली. तोंडली होती. दोन पोळ्या खाल्ल्या, ताट घासलं, काकूंना उद्या लवकर जायचंय असं सांगितलं. गावाकडे पत्रकातला माणूस कोण हे सगळ्यांना कळायचंच. कळावं म्हणूनच काम छापायचे. सकाळी पत्रक वाटलं की पहिली पाळी भरायच्या आत त्या बॉयलरपाशी वीस माणसं उभी राहायची. मग त्याला हात लावायला मालक धजायचा नाही. माझ्या पत्रकातल्या मुलाजवळ उभं राहायला इथे कोण होतं? बाकीची सगळी मुलं त्याच्याच जागेसाठी आली होती. हे मला मंगळवारी दिसायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी आमच्या प्रयोगशाळेच्या प्राध्यापकबाईंनी आम्हा मोजणीवाल्यांना बोलावलं. त्यांनी सांगितलं की एका खेळाडूला सामन्यातून काढलंय, मानेची तपासणी झाली आहे आणि एक नस दबलेली निघाली. त्याला विचारलं होतं, आणखी कुणाला माहीत होतं का. कुणालाच नाही, असं तो म्हणाला. तरी आपल्यापैकी कुणाच्या लक्षात आलं होतं का?

पाचजण होतो. बाई प्रत्येकाकडे बघत होत्या. त्यांचं माझ्याकडे बघून होईपर्यंत मी गप्प राहिले आणि मग त्या पुढच्याकडे बघू लागल्या.

बाहेर येऊन अण्णांना फोन लावला. तिकडे रात्रीचं जेवण उरकलं होतं. मी सगळं सांगितलं, मोजणीपासून. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "त्याला वाचून दाखवलंस न्हवं आधी?"

मला कळलं नाही. म्हणाले, "अगं, छापायच्या आधी. ज्याच्याबद्दल हाय त्याला."

मग त्यांनी सांगितलं. प्रत्येक पत्रक ते छपाईचे खिळे जुळवायच्या आधी त्या माणसाच्या घरी नेत, पाळीवर जायच्या आधी, चुलीपाशी बसून त्याला आणि त्याच्या बायकोला वाचून दाखवत. कुणी म्हणे एवढं गाळा. कुणी म्हणे माझं काहीच नको. मग ते निघत नसे. किती पत्रकं अशी निघालीच नाहीत ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्याकडे घड्या घालायला आली ती सगळी 'छापा' म्हटलेली होती. दुसरी मी कधी पाहिलीच नव्हती.

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत हे," मी म्हणाले.

"त्यात सांगण्यासारखं काय हाय?" अण्णा म्हणाले. "कुणाच्या घरात शिरायच्या आधी हाक मारतोच की आपण."

शनिवारी सामना होता. मला कामाचं ओळखपत्र होतं, त्यामुळे मैदानाच्या कडेपर्यंत जाता आलं. तो बाकावर होता, अंगात जाड स्वेटशर्ट आणि त्यावर संघाचा सदरा. बाकीचे आत-बाहेर करत होते. मी त्याच्यापाशी गेले आणि म्हणाले की ते पत्रक मी लिहिलं.

"माहीत आहे, मॅम," तो म्हणाला. "मी दुसऱ्या कुणाला सांगितलंच नव्हतं."

मी म्हणाले की मला आधी त्याला दाखवायला हवं होतं. तो मैदानाकडे बघत राहिला. त्याच्या जागी एक मोठ्या कॉलेजचा मुलगा खेळत होता आणि तो जरा सावकाश उठत होता.

"दाखवलं असतं तर मी नाही म्हटलं असतं," तो म्हणाला.

"मग मी ते छापलं नसतं."

"हो. आणि आज मी तिथे असतो." त्याने हनुवटीने मैदान दाखवलं. मान वळवली नाही. मग त्याने सांगितलं की त्याला क्लबवाल्यांनी काढलं नाही. क्लबवाले कदाचित गप्पच बसले असते, बाजूला ठेवून पुढे गेले असते. कुणीतरी तो फोटो त्याच्या आईला पाठवला. बापाच्या गेलेल्या खांद्याचं वाचून आईने ओळखलं. तिने गुरुवारी रात्रीच स्वतः डॉक्टरला फोन केला आणि सहा तास गाडी चालवून आली.

"ती वर बसलीय," तो म्हणाला. "कुणी लिहिलं विचारत होती. मी म्हटलं, माहीत नाही. तुम्हाला त्रास होईल, तुमचा व्हिसा वगैरे असेल." मग म्हणाला, "माझ्या बापाचं नव्हतं लिहायचं. ते मी तुम्हाला असंच बोलता बोलता सांगितलं होतं."

मी हो म्हणाले. त्याला कुणीतरी पाणी आणून दिलं. त्याने ते उजव्या हातात घेतलं.

कुठे बसलीय ते मी विचारलं. त्याने आधी सांगितलं नाही. मग रांग सांगितली.

मी वर गेले. त्या एकट्याच होत्या, मांडीवर मोठी पर्स, अंगात मुलाच्या कॉलेजचा कोट. आजूबाजूला लोक खात होते, ओरडत होते. मी माझं नाव सांगितलं, मी मोजणीला होते असं सांगितलं, आणि ते कागद माझे होते असं सांगितलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून खाली ठेवली. मी बसले.

बराच वेळ त्या सामना बघत होत्या. खाली शिट्टी वाजे, दोन रांगा एकमेकांवर आदळत, पुन्हा शिट्टी वाजे. मला वाटलं त्या आभार मानतील किंवा शिव्या देतील. दोन्हीची मी तयारी केली होती.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"मंगळवारी. सकाळी."

"डॉक्टर कुठे होता तेव्हा?"

"शेजारच्या खोलीत."

त्यांनी मान हलवली, ऐकलं एवढ्यापुरती. खाली त्यांचा मुलगा बाकावर ताठ बसला होता.

"मंगळवारी दुपारी सराव होता," त्या म्हणाल्या. "बुधवारी होता. गुरुवारी दोनदा होता. मला रोज संध्याकाळी फोन करून सांगायचा, आज कितीजणांना अडवलं ते."

"हो," मी म्हणाले.